वाऱ्याच्या तोंडी तानबा

आमच्या गावात तानबाला बसलेलं पाहिल्याचं कोणी शपथेवर सांगणार नाही. सायकलीवर तो बसे, पण त्याला काही बसणं म्हणत नाहीत. एरवी जेवताना उकिडवा, पारावर गप्पा चालू असल्या तर उभा, भजनाला आला तर खांबाला पाठ लावून एका पायावर; दुसरा पाय जमिनीवर काहीतरी शोधत असायचा. त्याची बायको देवकाबाई सांगायची, "लग्नात याले पाटावर दोघाईनं धरून ठेवलतं. भटजीले वाटलं, नवरदेव पळून जाऊन राह्यला."

तानबा दूध वाहायचा. आमचं गाव वायगावच्या जवळ, वर्ध्यापासून नऊ मैल. गावात हळदीचे वाफे आणि गाई, आणि गावाच्या दुधाला वर्ध्याशिवाय तोंड नाही. म्हणून रोज पहाटे चार सायकली निघायच्या. मागच्या कॅरिअरला दोन्हीकडून एकेक डबा लटकवलेला, तोंडाशी झाकण, झाकणाखाली ओलं फडकं. पहिली सायकल तानबाची. तिच्यामागे रूपरावची, रूपराव हा गावातला सगळ्यात भला माणूस, त्याला कोणाबद्दल वाईट बोलता येत नसे, त्यामुळे त्याच्याशी गप्पा फार लवकर संपत. तिसरी जयवंताची. चौथी माझी. मी मॅट्रिकच्या दारापर्यंत जाऊन परत आलो होतो आणि घरच्यांनी माझ्या हाती डबे दिले होते; तेवढ्या शिक्षणावर लाइनीत सगळे मला मास्तर म्हणत.

आमचा एक कायदा होता. वारा समोरचा असला की पुढच्यानं वारा तोडायचा आणि मागच्यांनी त्याच्या आडोशानं यायचं. मैलाचा दगड आला की पुढचा बाजूला सरणार, दुसरा पुढे येणार. हा कायदा तानबानंच घातला होता आणि तो एकटाच मोडायचा. दगड यायचा, जायचा, आणि तानबा पुढेच. रूपराव बिचारा दोन-तीनदा म्हणायचा, "भाऊ, माही पाळी हाय." तानबा मान हलवायचा आणि आणखी जोरात पाय मारायचा. बारा वर्षांत त्यानं आमच्या वाटचा इतका वारा खाल्ला होता, की हिवाळ्यात त्याचे ओठ गाईच्या जिभेसारखे खरखरीत व्हायचे.

एकाच ठिकाणी तो हळू व्हायचा. वर्ध्याच्या अलीकडे तीन मैलांवर एक नाला आहे. त्यावर पूल नव्हता, रपटा होता. म्हणजे नाल्याच्या पोटातच दगड बसवून केलेली वाट. पावसाळ्यात त्यावरून पाणी जाई आणि पाणी ओसरलं की दगड दात काढून बसलेले असत. तिथं सायकल जोरात नेली की डब्यांना हिसके बसायचे. झाकण उडालं तर दूध सांडतं, नाही उडालं तर घुसळून लोणी धरायला लागतं, आणि मग वर्ध्यातल्या प्रमिलाबाई नावाच्या आमच्या गिऱ्हाईक डब्यात बोट घालून विचारायच्या, "दूध आणलं का ताक?" म्हणून रपटा आला की तानबाचा डावा हात वर व्हायचा. आम्ही पाय थांबवायचे, बुड उचलून उभं राहायचं आणि माणसाच्या चालीनं, गरोदर बाईनं पायऱ्या उतराव्यात तसं पलीकडे जायचं. रोज. बारा वर्षं.

जयवंताला मात्र या लाइनीत आठच महिने झाले होते. तो मूळचा वडनेरचा. वीस-एकवीसचा, उंच, गुडघे जास्त वाटावेत इतका बारीक. मावशीकडे आमच्या गावात आला तो डोक्यात एक भूत घेऊनच. वडनेरवरून नागपूर-हैदराबादचा मोठा रस्ता जातो. त्या रस्त्यावर त्यानं एकदा सहा सायकलवाले पाहिले होते, सगळ्यांचे अंगरखे एका रंगाचे. नागपुरातल्या एका गिरणीनं शर्यतीसाठी ही माणसं पगारावर ठेवली होती. कागदावर ती कुठल्या तरी खात्यात होती, पण काम एकच, सायकल चालवायची. जयवंताच्या सायकलीवर तेव्हा कडब्याचा भारा होता. त्या भाऱ्यासकट तो त्यांच्यामागे चार मैल गेला. भारा कुठं पडला, हे त्याला घरी आल्यावर कळलं.

"मले पगारावर सायकल चालवाची हाय," तो रोज एकदा तरी म्हणायचा.

"आता काय फुकट चालवून राह्यला का बे?" तानबा विचारायचा.

"आता मी दूध चालवतो, भाऊ. सायकल नाई."

अठ्ठावन्न सालच्या सव्वीस जानेवारीला वर्ध्याच्या काही व्यापाऱ्यांनी मिळून शर्यत ठेवली. वर्धा ते वडनेर आणि परत, पासष्ट मैलांच्या वर. चार-चार जणांचे संघ. गिरणीचा संघ येणार होता, आणि त्यांचा एक माणूस आपल्यासाठी नवा गडी हेरायला येणार अशी आवई होती. एकच गडी. ही बातमी आम्हाला श्रावणच्या दुकानात कळली. श्रावण वर्ध्यात सायकली दुरुस्त करायचा. सव्वा वर्षापूर्वी नागपूरला जाऊन तो दीक्षा घेऊन आला होता. तेव्हापासून दुकानात हवेच्या पंपावर बुद्धाचं चित्र होतं आणि श्रावण पूर्वीपेक्षा हळू, पण जास्त टोचून बोलायचा. शर्यतीचा फॉर्म त्याच्याकडेच होता. भरायला अर्थात मला बसवलं.

"संघनायक कोण?" मी वाचलं.

"मी," जयवंता म्हणाला.

मग श्रावण चाकातून डोकं वर न काढता म्हणाला, "आठ महिन्याचं लेकरू उभं तरी राह्यते का रे?"

"लीडर म्हंजे जो जितते तो," जयवंता म्हणाला. "अन् आपल्यात मीच जितू शकतो. खोटं हाय का, भाऊ?"

खोटं नव्हतं. मोकळ्या सायकलीवर तो आम्हा तिघांना धुळीत ठेवायचा. तानबा सवयीप्रमाणे उभा होता, एक पाय सायकलीच्या पॅडलवर, पॅडल उलटं फिरवत. "जितणारा तू," तो म्हणाला. "लीडर मी. पुढं मी राह्यतो, मंग रूपराव, मंग हा मास्तर. तू मांगं बस. आमच्या आडोशानं वर्ध्याच्या येशीपर्यंत ये, मंग सूट. गिरणीवाल्याचे डोये उघडेच राह्यतील."

जयवंतानं मान हलवली, पण लीडरच्या रकान्यात मी तानबाचं नाव लिहिलं तेव्हा त्यानं कागदाकडे असं पाहिलं, जणू शाई वाळायच्या आधीच ती पुसून टाकावी.

जयवंता आणि रूपराव डबे धुवायला नळावर गेले तेव्हा तानबा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. टाच हलत होतीच.

"मास्तर, एक गोठ सांगतो. कोनाले सांगजो नोको."

"सांगा ना भाऊ."

"चवतीस वर्साचा झालो मी. पोळ्याच्या शर्यतीत उतरलो, तळेगावच्या जत्रंत उतरलो, आर्वीले गेलतो. दुसरा आलो, तिसरा आलो. एकदा चवथा. पहिला कधी आलो नाई." तो थांबला. "दरवेळी लोकाईले वढत आणतो, अन् शेवटी थे पुढं निंगून जातात. मले एकदा पहिलं यायचं हाय, मास्तर. एकदा. मंग पाय तुटले तरी चालन."

"आणि जयवंता?"

"जयवंता वीस वर्साचा हाय," तानबा म्हणाला, आणि एवढं बोलून जणू सगळं समजावून सांगितल्यासारखा निघून गेला.

मी कोणाला सांगितलं नाही. म्हणजे शर्यतीच्या दिवशी सगळ्या मैदानात मी एकटाच असा होतो, की ज्याला ठाऊक होतं आमच्या संघात जिंकणारे दोन आहेत.

दूध त्या दिवशीही चुकलं नाही. सगळ्या संघांचे गडी सकाळी अंगाला तेल चोळत होते तेव्हा आम्ही नऊ मैल येऊन घरोघर मापं घालत होतो. मग रिकामे डबे श्रावणच्या दुकानात टाकले, श्रावणनं चारी सायकलींची कॅरिअरं आणि मडगाडं काढली, आणि आम्ही झेंडावंदनाला उभे राहिलो. कॅरिअर काढलेली सायकल हातात अशी उडते, जणू तिला आपण नको आहोत. गिरणीचे चार गडी जांभळ्या अंगरख्यात होते. आम्ही ज्यात निघालो होतो त्यातच होतो, आणि रूपरावच्या बाहीवर दूध वाळलेलं होतं.

माझ्या शर्यतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हिंगणघाटच्या आधीच माझ्या पोटरीत गोळा आला, मी रस्त्याच्या कडेला बसलो, आणि पंचांची जीप मागून आली तिनं मला उचललं. एका अर्थी ते चांगलंच झालं. पुढचं सगळं मी जीपच्या गादीवर बसून पाहिलं. माझ्या शेजारी प्रभाकरराव होते. गिरणीच्या सायकलवाल्यांचे मास्तर; नवा गडी हेरायला येणार होते ते हेच. गरम कोट, मांडीवर पानाचा डबा, आणि नजर एवढी तेज, की पान लावताना ते रस्त्याकडे बघत, पानाकडे नाही.

वडनेरला एका टेबलापाशी सगळ्यांच्या मनगटावर शाईचा शिक्का मारला आणि गाड्या उलट फिरल्या. परतीला वारा समोरून होता. हिंगणघाट सुटेपर्यंत एकेक करून सगळे मागे गळाले. रूपरावही गळाला, गळतानासुद्धा तो बाजूनं जाणाऱ्यांना "येजो, येजो" म्हणत होता. पुढे चारच राहिले. दोन जांभळे, जयवंता, आणि सगळ्यांच्या पुढे तानबा. मैलामागून मैल गेले, तानबा पुढेच. जांभळ्यांनी दोन-तीनदा पुढे येण्याची खूण केली, त्यानं त्यांच्याकडे पाहिलंदेखील नाही.

"हा कोण?" प्रभाकररावांनी विचारलं.

"आमचा लीडर."

"लीडर? लीडर मागे बसतो हो. हा तर बैल आहे."

जयवंता ठरल्याप्रमाणे शेवटी बसला होता, अजून ताजा, मान वर. तानबाचा अंगरखा पाठीला चिकटला होता. याला पहिलं यायचं आहे, आणि हा पन्नास मैलांपासून सगळ्यांना आडोसा देत चालला आहे. कसं यायचं पहिलं? तो काय करणार आहे, हे मला कळेना; त्याला तरी कळत होतं की नाही, देव जाणे.

वायगाव मागे पडलं. आता आमचा रोजचा रस्ता. इथला प्रत्येक खड्डा आमच्या ओळखीचा. मला बरं वाटलं. आणि मग रपटा आला.

तानबाचा डावा हात वर झाला.

मी जीपमध्ये उभाच राहिलो. सायकलीवर डबा नाही, डबा लटकवायला कॅरिअर नाही, पासष्ट मैलांच्या शर्यतीचे शेवटचे तीन मैल राहिलेले, आणि तानबानं पाय थांबवले, बुड उचललं, आणि न असलेलं दूध सांभाळत तो माणसाच्या चालीनं रपट्यावर उतरला. मागच्या दोन जांभळ्यांना वाटलं, पुढे काहीतरी भयंकर आहे. या रस्त्याची माहिती असलेला माणूस हात वर करतो म्हणजे वाट तुटलेली असणार. त्यांनी कचकचून ब्रेक दाबले. एकाचं चाक घसरलं. आणि त्या तिघांच्या उजवीकडून, दगडांवर टणटण उडत, सायकलीचे सांधे निखळतील असा आवाज करत जयवंता निघून गेला. आठ महिने त्याला या रपट्यावर हळू व्हायची चीड होती. ती सगळी त्यानं एका दमात काढली. पलीकडच्या चढावर तो पोचला तेव्हा मध्ये चांगलं दीडशे हातांचं अंतर पडलं होतं.

"वा!" प्रभाकरराव ओरडले. त्यांनी माझ्या दुखऱ्या पोटरीवर थाप मारली. "काय डाव टाकला! माझी दोन्ही पोरं अडकवली आणि आपला गडी सोडून दिला! अहो, याला म्हणतात लीडर!"

मी त्यांना दुधाचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं.

आता तानबाला काहीच करायचं नव्हतं. गंमत अशी, की बारा वर्षांच्या सवयीनं त्याच्याकडून जे चुकून झालं होतं, त्याहून चांगलं कोणाला ठरवूनही करता आलं नसतं. फक्त आता बसायचं. जांभळ्यांना वारा खाऊ द्यायचा, त्यांच्यामागे आरामात यायचं. जयवंता पहिला, संघाचं नाव, नागपूरची नोकरी. फक्त बसायचं.

तानबा रपट्यावरून वर आला, त्यानं पुढे पाहिलं. जयवंताची पाठ लहान होत चालली होती. मागून मला तानबाचा चेहरा दिसत नव्हता, पण त्याचे खांदे दिसले. ते खाली वाकले. आणि तो सुटला.

"हे काय?" प्रभाकररावांचा हात चुन्याच्या डबीत तसाच राहिला. "आपल्याच गड्याच्या मागे?"

जांभळे शहाणे होते. ते लगेच त्याच्या मागे चिकटले. तानबा जिवाच्या करारानं पाय मारत होता आणि ते दोघं त्याच्या पाठीमागे, घोंगडीखाली बसल्यासारखे. मी जीपच्या काचेवरून ओरडलो, "भाऊ, सोडा! जयवंता हाय तो! आपला जयवंता!" त्यानं ऐकलं नसेल असं रूपराव नंतर म्हणाला. त्यानं ऐकलं. एकदा मान अर्धी वळली होती.

तीन मैल. वर्ध्याची पहिली घरं दिसायला लागली तिथं त्यानं जयवंताला गाठलं. बाजूला सायकल आली म्हणून जयवंतानं वळून पाहिलं. जांभळं कोणी असेल अशीच त्याची अपेक्षा असणार. तानबाला पाहून त्याचं तोंड उघडं पडलं, आणि पाय क्षणभर ढिले झाले. तेवढ्यात तानबाच्या मागून ते दोघं निघाले आणि दोन्ही जांभळे आमच्या दोन्ही माणसांना सोडून गर्दीत शिरले. पहिला जांभळा, दुसरा जांभळा. तिसरा जयवंता. चौथा तानबा.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, हार घातले. जयवंतानं सायकल दुकानाच्या भिंतीला लावली आणि तो पायी निघून गेला. अर्ध्या तासानं रूपराव पोचला, त्याला सगळं सांगितलं, तर तो लगेच म्हणाला, "तानबाभाऊले वाटलं असन, एकटं पोट्टं थकून जाईन, म्हनून हात द्यायले गेलता." सगळ्यांना हे पटवून घ्यायला सोपं होतं. सगळ्यांनी पटवून घेतलं. तानबा आपल्या सायकलीभोवती फेऱ्या घालत होता, पैलवान पाय मोकळे करतो तशा.

लोक पांगले, रूपराव पाणी प्यायला गेला, तेव्हा प्रभाकरराव तिथं आले. "तुमच्या वयाचा माणूस आम्ही घेत नाही," त्यांनी सुरुवातच अशी केली. "पण तुम्ही या. एक तारखेला गिरणीच्या फाटकावर."

तानबानं मागे कोणी उभं आहे का पाहिलं. "मी?"

"तुम्हीच. माझ्याकडे जिंकणारे दोन आहेत. ओढणारा नाही. आज तुम्ही माझी दोन पोरं अख्ख्या रस्त्यानं ओढून आणलीत. तुमच्याशिवाय ती अजून वायगावला असती."

"म्हंजे पहिलं यायचं काम नाई?"

"पहिलं यायला आहेत ना ते. तुम्ही त्यांना तिथवर आणायचं."

"अन् आमचा पोट्टा? थो जयवंता?"

"चांगला आहे. पण त्याला नुसतं पुढचं दिसतं. एखादं वर्ष जाऊ द्या."

हे सगळं मी ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत जयवंतापर्यंत पोचलं. कोणी पोचवलं ते विचारू नका. मी सोडून तिथं फक्त श्रावण होता आणि श्रावण कमी बोलतो.

दुसऱ्या दिवशी लाइन निघाली ती तिघांची. जयवंता आला, पण मागे शंभर हातांवर. वारा पडला नव्हता. आम्ही तानबाच्या आडोशानं, तो एकटा उघड्यावर. तानबा सारखा मागे वळून बघायचा, मग हळू व्हायचा, तर जयवंताही हळू व्हायचा. ती शंभर हातांची जागा काही कमी होईना. प्रमिलाबाईंच्या घरी दूध उशिरा पोचलं. असे तीन दिवस गेले. तानबाची झोप गेली, असं देवकाबाई म्हणाली. आधी तो रात्री तरी आडवा व्हायचा, आता अंगणात गाईंना उगाच इकडून तिकडे बांधत फिरतो.

चौथ्या दिवशी श्रावणच्या दुकानात आम्ही सगळे होतो. जयवंता चाकात हवा भरत होता. तानबा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"रूपराव म्हन्ते तसं नाई थे," तो म्हणाला. "मी तुले हात द्यायले नाई आलतो. तुले धराले आलतो. मले पहिलं यायचं होतं."

रूपराव म्हणाला, "अरे भाऊ, तसं काई नसन..."

"तू चूप राह्य, रूपराव."

जयवंता पंप मारत राहिला. दोन, तीन, चार. मग म्हणाला, "मालूम हाय."

"कसं?"

"मदत कराले येणारा माणूस असा दात आवळून येत नाई."

"मंग बोल ना मले काही. मार एखांदी थापड. असा मांगं काऊन येतो?"

जयवंतानं पंप फेकला. "काय बोलू? तुले पहिलं यायचं होतं, मंग पुढं राहून कायले वढलं त्याईले? बसाचं होतं मांगं! त्या दोघाईले वढू द्याचं होतं. त्याईनं मले धरलं असतं, थकले असते, अन् तू ताजा राह्यला असता. येशीवर आमाले तिघाईले टाकून निंगून गेला असता. पहिला आला असता तू, भाऊ! माहं नुकसान केलं थे केलं. तुहा तरी फायदा कराचा होता! दोघाईचंबी मातेरं केलं बह्याडासारखं!"

दुकानात श्रावणचा पान्हा थांबला होता. तानबा जयवंताकडे बघत होता, आणि मी शपथेवर सांगतो, त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकले होते. ही गोष्ट त्याच्या मनात आलीच नव्हती. चार दिवस तो चोरीच्या पापानं तळमळत होता, आणि चोरी करताही आली नाही हे त्याला आत्ता कळत होतं.

"मले सुचलं नाई," तो शेवटी म्हणाला. "मांगं बसलो की दम कोंडते माहा."

"मंग जा नागपूरले," जयवंता म्हणाला. "थेच काम हाय तिथं."

"नाई जात. माह्या जागी तुले घ्या म्हनतो."

"मी त्या जागी येत नाई! मले वढाची नोकरी नाई पाह्यजे. मले जिताची पाह्यजे." जयवंताचा आवाज फाटला. "जा म्हन्लं ना. इथं राह्यशील, रोज माह्यापुढं ते पाठ घेऊन चालशील, अन् मी रोज तिच्याकडं पाहत येऊ का?"

घरी देवकाबाईला विचारलं तर ती म्हणाली, "जा. इथं असून तरी कुठी घरात असते तू. गाईचं मी पाह्यतो." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पहिलं नाई तर नाई. पगार पहिल्याले अन् चवथ्याले सारखाच असन ना?"

एकतीस तारखेला दुपारी तो निघाला. आगगाडीनं जायचं सोडून सायकलीनंच, कॅरिअरवर वळकटी बांधून. वर्ध्याच्या बाहेर मी आणि रूपराव सोबत निघालो. नागपूरच्या रस्त्याला लागलो आणि मागून चाकांचा आवाज आला. जयवंता. तो आमच्या बाजूनं पुढे गेला आणि तानबाच्या चाकापुढे आपलं चाक घालून वाऱ्यात शिरला. आणि मग त्यानं जो वेग धरला, त्याला राग म्हणावं की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पवनार गेलं. तानबाची मागे बसून तगमग चालली होती. तो डावीकडून डोकावायचा, जयवंता डावीकडे सरायचा. उजवीकडून काढायचा, जयवंता उजवीकडे.

"सर ना बे बाजूले! किती येळ एकटा वारा खाशील?"

"बस मांगं."

"पोटऱ्या भरून येतील तुह्या."

"बस म्हन्लं ना मांगं! शिक जरा. एक तारखेपासून कोनी बसू देणार नाई तुले."

तानबा बसला. म्हणजे अर्ध्या मैलापुरता. मग पुन्हा त्याचं डोकं डावीकडून निघालं. सेलूपर्यंत हेच चाललं. रूपराव आणि मी मागे हसत होतो आणि धापा टाकत होतो. सेलूच्या विहिरीवर चौघं पाणी प्यालो. जयवंताच्या पापण्यांवर धूळ बसली होती, ओठ फुटले होते. त्यानं तानबाची वळकटी नीट आहे का पाहिलं, दोरी सैल होती ती आवळली.

"पुढल्या साली मी येतो," तो दोरीकडेच पाहत म्हणाला. "तवा तुह्या मांगं बसन. येशीवर निंगून जाईन, सांगून ठेवतो. धरशील तर याद राख."

"नाई धरत."

"धरशील तू."

तानबानं थोडा विचार केला. "धरीनही," तो म्हणाला.

मग तो गेला. रस्ता सरळ होता, खूप लांबपर्यंत तो दिसत होता, एकटा, वाकलेला. दर थोड्या वेळानं तो मान वळवून मागे बघायचा, लाइन येते आहे की नाही म्हणून. रूपराव हात हलवायला लागला. जयवंतानं हलवला नाही.

"पाह्य लेकाचा," तो म्हणाला. "समोर नाई पाहून राह्यला. एखांद्या बैलबंडीवर आपटन अशानं." आणि तोंडाशी दोन्ही हात धरून, आवाज पोचणार नाही हे माहीत असूनही, तो ओरडला, "समोर पाह्य, भाऊ! समोर!"